समासासकट

कप्तानांनी आयुष्यात अकरा जहाजं बनवली आणि त्यातलं एकही पूर्ण रंगवलं नाही. नांगर काळाभोर, डोलकाठ्या तेल पाजलेल्या, कठड्याचा एकेक गज बारीक ब्रशने रंगवलेला, आणि मधेच वीतभर उघडं लाकूड. पाहणाऱ्याला वाटावं, एक तर म्हाताऱ्याचा रंग संपला किंवा उत्साह. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. विचारलं तेव्हा ते चष्मा पुसत म्हणाले, "जेवढं ठाऊक आहे तेवढंच रंगवतो, मॅडम. बाकीचं अंदाजानं बनवलं आहे. अंदाजाले रंग द्याचा नसते."

मी तेव्हा नागपुरातल्या एका जुन्या ग्रंथालयात संदर्भ विभाग सांभाळत होते. संदर्भ विभाग म्हणजे जिथली पुस्तकं घरी न्यायला मिळत नाहीत, आणि म्हणून जिथे सहसा कोणी फिरकत नाही. स्पर्धा परीक्षेची पोरं पंख्याखालच्या खुर्च्यांसाठी यायची, तेवढीच वर्दळ. अशा ठिकाणी दर मंगळवारी अकराच्या ठोक्याला एक वाळकासा माणूस कापडी पिशवी घेऊन यायचा आणि जहाजांवरची पुस्तकं मागायचा. नागपुरातून कुठल्याही दिशेला निघा, समुद्राला पोचेपर्यंत माणूस कंटाळून जातो. आमच्या शिपायाने त्यांचं नाव कप्तान ठेवलं आणि ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. ते मात्र दर वेळी दुरुस्त करायचे, "कप्तान नाई जी, ट्रेसर होतो मी." ट्रेसर म्हणजे मूळ नकाशावर खळ लावलेलं पातळ पारदर्शक कापड ताणून शाईने त्याची हुबेहूब नक्कल उतरवणारा माणूस. आता तो धंदाही गेला आणि ते कापडही.

त्यांच्या प्रत्येक जहाजाखाली, लाकडी बैठकीच्या पोटाला, एक चिठ्ठी चिकटवलेली असायची. तिच्यात तीन रकाने: ठाऊक, ठाऊक नाही, आधार. सुकाणूची लांबी ठाऊक, आधार अमुक पुस्तक, अमुक पान. शिडाच्या कापडाचा रंग ठाऊक नाही. मागच्या कोठडीची दारं किती, ठाऊक नाही. हा आधार शब्द त्यांच्या जिभेवर कायम. मी सहज म्हणावं, "आज तापमान पंचेचाळीसच्या वर गेलं असेल हो," की त्यांनी विचारावं, "कोठी पाह्यलं?" त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, एकदा माझ्यापुढे तक्रार केली होती, "भाजी झाली म्हटलं तरी हे झाकण उघडून पाह्यतात वं बाई. माह्यावर भरवसाच नाई." कप्तान हसले आणि म्हणाले, "भरवसा आहे. पण पाह्यलेलं बरं असते."

मोबाईलवरच्या चित्रांशी त्यांचं उभं वैर होतं. वाचायला येणारा एखादा मुलगा उत्साहाने शोधून द्यायचा, हे बघा काका, तुमचं जहाज, शंभर फोटो आहेत. ते शांतपणे विचारायचे, "कोनं काढला? कवा काढला? खऱ्या जहाजाचा आहे का माह्यासारख्याच कोण्या रिकामटेकड्यानं बनवलेल्याचा?" मुलगा मोबाईल खिशात घालायचा. शंभर फोटो म्हणजे शंभर आधार नव्हेत, एकाच चुकीच्या शंभर नकला असू शकतात, हे मी ग्रंथपालनाच्या वर्गात शिकले नव्हते, त्यांच्याकडून शिकले.

पुस्तक हातात दिलं की ते आधी पान उघडून कडा बघायचे. मजकूर नाही, चित्र नाही, आधी समास. वरचा, खालचा, दोन्ही बाजूंचा. मग तळटिपा, मग चित्राखालची बारीक अक्षरं, आणि सगळ्यात शेवटी चित्र. लग्नाची पत्रिका दिली तरी ती उलटून मागची बाजू आणि कडा पाहायचे. मला हा विक्षिप्तपणा वाटायचा आणि मी त्यावरून त्यांना चिडवायचीही. "कप्तान, लग्न मध्यभागी आहे, कडेला नाही." ते म्हणायचे, "मधातलं सारेच वाचतात, ताई." मॅडमची ताई कधी झाले ते लक्षात नाही. चार-पाच वर्षं तरी लागली असतील.

जहाजंच का, हे मी एकदाच विचारलं. उमरेडच्या विणकराच्या घरातला मुलगा, समुद्र एकदाही न पाहिलेला, काही तरी कारण असणारच. ते म्हणाले, "दोन कारणं आहेत. एक, ते पाण्याच्या वर राह्यते. अन् दुसरं, लाकडाचं जहाज चुकलं त कोणी मरत नाई." मी हसले. तेही हसले. आज आठवतं तेव्हा स्वतःच्या हसण्याचाच राग येतो.

सात वर्षं ते एक गलबत बनवत होते. कोकणातल्या बंदरांवरून चालायचं तसं, तीन शिडांचं. त्यासाठी बांबूच्या कामट्या तासल्या, सागाच्या तुकड्यांची फळकुटं केली, आणि दोर वळायला वडिलांच्या मागावरचं उरलेलं सूत काढलं. त्या सुताची गुंडी ते घडी घातलेल्या धोतरात ठेवायचे. नकाशा आमच्याच विभागातल्या एका जाडजूड पुस्तकातला होता आणि तो त्यांनी समासासकट तपासला होता. मग एका मंगळवारी दुसऱ्या पुस्तकाच्या तळटिपेत त्यांना सापडलं, की पहिल्या पुस्तकातला गलबताचा नकाशा एका संग्रहालयातल्या प्रतिकृतीवरून काढलेला आहे. मी त्या संग्रहालयाला पत्र लिहिलं. उत्तर आलं: आमची प्रतिकृती अमुक पुस्तकातल्या नकाशावरून बनवलेली आहे. पुस्तक तेच. म्हणजे नकाशा प्रतिकृतीवरून आणि प्रतिकृती नकाशावरून, आणि खरं गलबत कोणीच पाहिलेलं नाही. मला हसू आवरेना. कप्तानांचा चेहरा मात्र पांढरा पडला. पत्र घडी करून त्यांनी खिशात घातलं आणि घरी जाऊन त्या नकाशाच्या भरवशावर रंगवलेली गलबताची अख्खी मागची बाजू पॉलिश पेपरने, सात वर्षांचा रंग, घासून काढली. काकूंनी फोन करून मला बोलावलं तेव्हा त्यांच्या बोटांतून रक्त येत होतं. "काहून येवढं मनाले लावून घेऊन राहिले, सांगा बरं याईले," काकू म्हणाल्या. मी सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

पुढे कुठल्याशा हस्तकला प्रदर्शनाच्या संयोजकांनी ते गलबत मागितलं, पण पुरं रंगवून. कप्तान नाही म्हणाले. बरंच सांगितल्यावर संयोजकांनी ते तसंच ठेवून घेतलं, आणि प्रमुख पाहुण्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, हे अर्धवट का? कप्तान म्हणाले, "जहाज पुरं आहे साहेब, माहिती अर्धवट आहे." संध्याकाळी गलबत ऑटोत मांडीवर घेऊन ते नंदनवन वस्तीतल्या घरी परत आले. त्यानंतर त्यांनी एकही जहाज बाहेर नेलं नाही. दोन खोल्यांच्या त्या घरात ती कपाटावर, फ्रिजवर, देवघराच्या शेजारी उभी असायची, आणि काकू रोज न कुरकुरता त्यांच्यावरची धूळ फुंकायच्या.

वर्षातून एकदा, हिवाळ्यात, कप्तान एकटेच कन्हानला जायचे. बसने जाऊन संध्याकाळपर्यंत परत. काकूंची समजूत अशी, की ते पुलावरून नदीचं पाणी पाहायला जातात. "समुद्र नाई त नदी," त्या म्हणायच्या. आणखी एक गोष्ट ते न चुकता करायचे. महिन्या-दोन महिन्यांनी निघता निघता मला विचारायचे, "खाणीचे जुने नकाशे आले काय जी कोठून?" तरुणपणी ते सावनेरकडच्या एका कोळसा खाणीत नोकरीला होते एवढं मला माहीत होतं. जुन्या कामाची ओढ असेल, असं समजून मी दर वेळी नाही म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी मधुमेहाने त्यांचे डोळे नेले, मग मूत्रपिंडं. मंगळवार बंद झाले, मीच रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागले. त्याच सुमाराला एका दिवंगत खाण अभियंत्याच्या घरच्यांनी कागदांचे गठ्ठे ग्रंथालयाला आणून दिले. रद्दीत घालायला जीव होत नव्हता म्हणाले. यादी करताना एका गुंडाळीवर त्या खाणीचं नाव दिसलं. मी आनंदाने तिथूनच फोन लावला. कप्तान म्हणाले, "ताई, ते उघडू नका. आधी इकडं या."

त्या दिवशी त्यांनी काकूंना देवळात पाठवलं आणि मला सांगितलं. बावीस वर्षांचे होते. खाणीचा मूळ नकाशा जीर्ण झाला होता, त्याची नवी नक्कल करायचं काम त्यांच्याकडे आलं. भांडारातून मिळालेलं कापड चार बोटं अपुरं होतं. दुसरं मागायला गेलं तर भांडारवाला खेकसायचा. "विणकराचा पोरगा मी, ताई. कापड कमी पडलं हे मले हातात घेताच समजलं होतं." मग त्यांनी चौकटीच्या आतलं सगळं, रेघ न् रेघ, उतरवलं, आणि समास सोडून दिला. समासात काय असतं, कोणाची तरी सही, कसला तरी शिक्का. मूळ नकाशा वरच्या कार्यालयात गेला आणि खाणीत त्यांची नक्कल वापरात आली. तिच्यावर जुन्या, पाण्याने भरलेल्या पोकळ खाणीची हद्द ठळक काळ्या रेघेने दाखवली होती. दोन वर्षांनी खालच्या टोळीने त्या हद्दीपासून बरंच अलीकडे काम करताना भिंत फोडली आणि पलीकडून पाणी आलं. टोळीचा प्रमुख, ज्याला खाणीत सरदार म्हणतात, तो आणि चार माणसं बुडाली. मूळ नकाशा वरच्या कार्यालयात सापडला नाही, म्हणून चौकशीत ही नक्कलच मांडली गेली. नकाशाप्रमाणे पाणी अजून लांब होतं, म्हणजे सरदाराने मोजमाप न पाळता टोळी पुढे नेली, असं ठरलं. सरदार उत्तर द्यायला उरला नव्हता. ट्रेसरला एकच प्रश्न विचारला गेला: नक्कल मुळाप्रमाणे आहे का? त्यांनी सांगितलं, आहे.

"खोटं नव्हतं ते," कप्तान म्हणाले. "पण समासात कायतरी लिहलं होतं असं मले वाटते. हद्द अंदाजानं आहे, असं कायतरी. का मीच मनानं लिहून ठेवलं आहे तिथं, इतक्या वर्षांत? मले ठाऊक नाई, ताई." सरदाराची बायको कन्हानला राहते. हिवाळ्यात ते तिच्या घरासमोरच्या टपरीवर चहा प्यायचे आणि परत यायचे. गावाने तिला पन्नास वर्षं चार माणसं बुडवणाऱ्याची बायको म्हणून ओळखलं होतं. "टीप असन त मी तिच्या दारात जाईन. कोणी उचलून नेलं तरी जाईन. तिले सांगाचं आहे, तुझा माणूस चुकला नाई, मी चुकलो."

"आणि नसली तर?"

"नसन त मंग सुटलो."

मी म्हणाले, फोटो काढून आणते. त्यांनी मान हलवली. "फोटो मले दिसत नाई. तुमी पाहा. तुमचं पाह्यलेलं मले चालते." माणसाने इतका भरवसा टाकावा असं मी काहीही केलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी लांब टेबलावर तो नकाशा पसरला, कापडावरची नक्कल नव्हे, कागदावरचा मूळच, आणि चारी कोपऱ्यांवर शब्दकोश ठेवले. डाव्या समासात, फिकट झालेल्या तपकिरी शाईत, इंग्रजी दोन ओळी होत्या. जुन्या खोदकामाची हद्द अंदाजाने दाखवली आहे, प्रत्यक्ष मोजलेली नाही. अलीकडेही पाणी असू शकते, आधी छिद्र पाडून पाहावे. मी बोटांनी मोजलं. समास बरोबर चार बोटं रुंद होता.

मंगळवारी गेले तेव्हा कप्तानांचे पाय सुजून खांबासारखे झाले होते आणि श्वास घशात वाजत होता. काकू त्यांच्या तळव्यांना तेल चोळत होत्या. त्यांनी माझ्या पावलांचा आवाज ओळखला. "पाह्यलं?" म्हणाले. मी म्हणाले, पाहिलं. कोरा आहे. समासात काहीच नाही.

"तुमी स्वतः पाह्यलं?"

"स्वतः पाहिलं."

त्यांनी डोळे मिटले. मग ते रडले, तोंड वाकडं न करता, नुसतं डोळ्यांतून पाणी. मला त्या क्षणी आपण फार मोठं काम केलं असं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं खरं. तेहतीस वर्षं संदर्भ विभागात बसून मी कधी कोणाला चुकीचं पान सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ठरवून सांगितलं, आणि तेही एका अशा माणसाला, जो भाजीवरचं झाकण उघडून पाहायचा.

नऊ दिवसांनी कप्तान गेले. शांतपणे गेले, असं काकू म्हणाल्या, इतक्या वर्षांत असे झोपलेले पाहिले नव्हते. तेराव्यानंतर त्यांनी गलबत माझ्या हातात दिलं, मागची बाजू तशीच उघडी. "बैठकीखालची चिठ्ठी पाह्यजा म्हणले होते तुमाले." मी गलबत आडवं केलं. जहाजाच्या चिठ्ठीशेजारी दुसरी एक होती, पिवळी पडलेली, घड्यांवर विरलेली, वर्षानुवर्षं पाकिटात बाळगलेली असावी तशी. ठाऊक नाही या रकान्यात त्यांच्या तरुणपणच्या रेखीव अक्षरात होतं: समासात टीप होती का. आणि ठाऊक या रकान्यात, आंधळ्या हाताने, ओळ सोडून खाली घसरलेलं: नव्हती. पुढे आधार. आधाराच्या खाली माझं नाव होतं, आणि कंसात, प्रत्यक्ष पाहिले.

मी ती चिठ्ठी बरेच दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. मग एके दिवशी नकाशा बाहेर काढला आणि आमच्या समोरच्या मोठ्या झेरॉक्सच्या दुकानात नेला. दुकानदाराने प्रत काढून दिली. मी पाहिली तर डावा समास गायब. "कागदात बसत नाही मॅडम, पण मेन सगळं आलंय," तो म्हणाला. मी त्याच्यावर इतकी ओरडले की दुकानातली माणसं वळून पाहायला लागली. दोन कागद जोडून त्याने परत प्रत काढली, समासासकट.

कन्हानची टपरी सापडली, समोरचं घरही. ओट्यावर एक म्हातारी तूर पाखडत बसली होती. मी माझं नाव सांगितलं, खाली बसले आणि सगळं सांगितलं. कापड कुठे कमी पडलं, टीप कशी राहिली, कप्तान दर हिवाळ्यात समोर बसून चहा कसे प्यायचे. मी खोटं कधी आणि का बोलले, तेही सांगितलं. तिचा सुपावरचा हात थांबला होता. ती समोरच्या टपरीकडे पाहत होती.

"कोठी आहे तो माणूस? घेऊन या त्याले," ती म्हणाली. "मले त्याच्या तोंडून आयकाचं आहे."

"गेले ते, मावशी. मागच्या महिन्यात."

"येणार होता न् तो? तुमी खरं सांगतलं असतं त येणार होता?"

"हो."

"मंग आता तुमी काहून आल्या?"

तिच्या दारात येणारा माणूस मी अडवला होता आणि त्याचं शेवटचं काम मी हिरावून घेतलं होतं, दया म्हणून. मी पिशवीतून नकाशाची प्रत काढली, तिच्यापुढे सुपाच्या बाजूला पसरली आणि डाव्या समासावर बोट ठेवून त्या दोन ओळी मराठीत वाचून दाखवल्या. म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिने माझ्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं आणि त्या अक्षरांवरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश फिरवलं.

"अजून एक डाव वाचा," ती म्हणाली. "जोरानं वाचा. शेजारी आयकू जाऊ द्या."

मी उभी राहिले आणि परत वाचलं.